पटावर नाव, यादीत नाही

४ डिसेंबर १८६५, सोमवार. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये नवं प्रतिनिधिगृह पहिल्यांदाच भरत होतं. यादवी युद्ध थांबून सात-आठ महिने झाले होते. सभापती अजून निवडायचा होता, म्हणून रिवाजाप्रमाणे गृहाचा सचिव एडवर्ड मॅकफर्सन यानं हजेरी घ्यायला सुरुवात केली. ज्याचं नाव वाचलं जाईल तो सभासद, आणि सभापतीच्या निवडीत मत त्याचंच. एकामागून एक राज्यं चालली होती, तेवढ्यात टेनेसीचा होरेस मेनार्ड उठला. हा माणूस काही बंडखोर नव्हता. राज्य फुटून निघालं तेव्हा त्यानं विरोध केला होता, युद्धाच्या काळातही तो याच सभागृहात बसला होता, आणि आता रीतसर निवडून आल्याचं प्रमाणपत्र घेऊन आला होता. मॅकफर्सननं त्याला तोंड उघडू दिलं नाही. हजेरी चालू असताना मध्ये बोलायचं नाही, एवढंच उत्तर. हजेरी संपली. तिच्यात टेनेसी नव्हतं, व्हर्जिनिया नव्हतं, जॉर्जिया नव्हतं. बंडात गेलेल्या अकराच्या अकरा राज्यांची नावं गाळलेली होती.

न्यूयॉर्कचा डेमोक्रॅट जेम्स ब्रुक्स यानं तिथल्या तिथे सवाल टाकला. टेनेसी जर संघराज्यात नसेल, तर राष्ट्राध्यक्ष तिथे कुठल्या हक्कानं बसलाय? राष्ट्राध्यक्ष होता अँड्र्यू जॉन्सन, टेनेसीचाच. सवाल बिनतोड होता. त्याला नीट उत्तर कोणी दिलं नाही, आणि रिपब्लिकन बहुमतानं स्कायलर कोलफॅक्स याला सभापती निवडून टाकलं.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन काँग्रेसची (म्हणजे त्यांच्या संसदेची; आपल्याकडे हा शब्द एका पक्षानं कायमचा नेला) पक्षवार कोष्टकं चाळायचा मला नाद आहे. इतके रिपब्लिकन, इतके डेमोक्रॅट, मागे गेलात तर इतके व्हिग. ३९व्या काँग्रेसच्या, म्हणजे याच सभागृहाच्या कोष्टकात रिपब्लिकन आणि त्यांचे साथीदार जवळपास तीन-चतुर्थांश दिसतात. आकडे खरे आहेत. पण कोणत्या पक्षाचे किती, हे विचारायच्या आधी दुसरं काही विचारावं लागतं. ही जागा कोणाची डोकी मोजून मिळाली, आणि त्या डोक्यांपैकी मत कोणी दिलं? माझं म्हणणं असं की १८६५ची ती हजेरी, जिला तेव्हापासून आजवर अनेकांनी दंडेली म्हटलं, तिच्यात सभागृहानं हा प्रश्न एकदाचा तोंडावर विचारला. तो विचारण्यात आडदांडपणा होता, हे खरं. पण पस्तीस वर्षांनी तोच प्रश्न गिळून टाकला गेला, त्यानं झालेलं नुकसान कितीतरी मोठं आहे.

मुळापासून बघू. १७८७च्या राज्यघटनेत प्रतिनिधिगृहाच्या जागा वाटताना गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरायची असं ठरलं. शाळेत हे वाचताना वाटतं, माणसाला तीन-पंचमांश माणूस ठरवलं, केवढा अपमान! अपमान होताच, पण राजकारण उलट्या बाजूनं चालत होतं. गुलामाला शून्य धरलं असतं तर मालकाचं नुकसान होतं. पूर्ण एक धरलं असतं तर मालकाची चंगळ. १७९०च्या जनगणनेत व्हर्जिनियात गुलाम वगळून सुमारे ४ लाख ५५ हजार माणसं होती, पेनसिल्व्हेनियात सुमारे ४ लाख ३१ हजार. म्हणजे उन्नीस-बीस. पण व्हर्जिनियात २ लाख ९२ हजार गुलाम होते आणि पेनसिल्व्हेनियात चार हजारही नव्हते. जागा ठरल्या ३३ हजारांमागे एक. पेनसिल्व्हेनियाला मिळाल्या १३, व्हर्जिनियाला १९. सहा जागांचा हा फरक पुरता गुलामांच्या डोक्यांचा, आणि त्या डोक्यांना मत विचारायला कोणी गेलं नव्हतं. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मंडळातल्या जागाही याच हिशोबानं ठरत, त्यामुळे हा फायदा एका सभागृहापुरता राहिला नाही.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: पट. शाळेत पोरं वर्गात नसतात, पण पटावर नावं असतात, आणि त्या नावांवर तुकड्या, शिक्षक आणि अनुदान मिळतं. २०११ साली राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा असे बोगस पट किती सापडले ते आठवत असेल. दक्षिणेतल्या राज्यांचा पट ७० वर्षं असाच चालला. फरक एवढाच की तिथली नावं बोगस नव्हती. माणसं खरी होती, शेतात राबत होती.

आता युद्ध संपल्यावरची गंमत पाहा. गुलामगिरी गेली, म्हणजे तीन-पंचमांशही गेला. मुक्त झालेला माणूस आता पूर्ण एक. मत मात्र त्याला नाहीच. म्हणजे युद्ध हरलेल्या राज्यांना, हरल्याचं बक्षीस म्हणून, आधीपेक्षा जास्त जागा मिळणार! १८६०च्या प्रमाणात, सुमारे सव्वा लाखामागे एक जागा धरली, तर डझनभराच्या आसपास जादा. साउथ कॅरोलायनात १८६० साली ७ लाख ३ हजार लोकसंख्येत ४ लाख २ हजार गुलाम होते. १८६५च्या शरदात तिथे निवडणूक झाली ती फक्त गोऱ्यांच्या मतांवर, आणि निवडून आलेले लोक म्हणत होते की आम्ही साउथ कॅरोलायनाचे लोकनियुक्त प्रतिनिधी. मिसिसिपीत त्याच नोव्हेंबरात कायदा झाला की दर जानेवारीत प्रत्येक काळ्या माणसाकडे कामाचा लेखी पुरावा पाहिजे, नाहीतर तो भटक्या ठरणार. असे कायदे करणाऱ्यांच्या बिरादरीतले लोक ४ डिसेंबरला दारात उभे होते.

विरुद्ध बाजू मी हलकी करून सांगणार नाही, कारण ती हलकी नाहीच. मॅकफर्सननं जॉर्जियाचं नाव गाळलं सोमवारी. बुधवारी, ६ डिसेंबरला, गुलामगिरी रद्द करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीला मान्यता देणारं सत्ताविसावं राज्य मोजलं गेलं. ते राज्य जॉर्जियाच होतं! ३६ राज्यांपैकी तीन-चतुर्थांश म्हणजे २७ हवी होती, आणि त्या २७ मध्ये बंडातली आठ राज्यं धरली होती. घटना बदलायला तुम्ही राज्य, बाकावर बसायला तुम्ही कोणी नाही. वकिलाच्या नजरेतून याचं समर्थन होणं अवघड आहे. आणि घटनेतलं जे कलम रिपब्लिकनांनी पुढे केलं, की आपल्या सभासदांची निवडणूक आणि पात्रता ठरवण्याचा अधिकार त्या त्या सभागृहाचाच, ते कलम हातात तलवार दिल्यासारखं आहे. एकदा चालवायची सवय लागली की कुठे थांबायचं? मार्च १८६६ मध्ये सेनेटनं (काँग्रेसचं दुसरं सभागृह, प्रत्येक राज्याचे दोन सिनेटर) न्यू जर्सीचा डेमोक्रॅट जॉन स्टॉकटन याला बाहेर काढलं. न्यू जर्सी बंडात कधीच नव्हतं. विधिमंडळानं त्याला स्पष्ट बहुमताऐवजी नुसत्या सर्वाधिक मतांवर निवडलं, एवढा तांत्रिक आक्षेप. २३ मार्चला स्टॉकटन स्वतःच्याच मताच्या जोरावर २२ विरुद्ध २१ असा वाचला होता. चार दिवसांनी, २७ मार्चला, २३ विरुद्ध २० मतांनी गेला. त्याच दिवशी जॉन्सननं नागरी हक्क विधेयक नाकारून परत पाठवलं. नकाराधिकार मोडायला दोन-तृतीयांश मतं लागतात आणि गणित काठावर होतं. स्टॉकटनचं प्रकरण मला कधीच पटलेलं नाही. ती निव्वळ मतांची बेगमी होती.

पण अकरा राज्यांचं प्रकरण आणि स्टॉकटनचं प्रकरण एका तराजूत घालता येत नाही. न्यू जर्सीच्या मतदारांबद्दल वाद नव्हता. साउथ कॅरोलायनात निम्म्याहून जास्त लोकांचं तोंड बांधून निवडणूक झाली होती. आणि परिणाम काय होता तेही पाहावं. नागरिकत्वाची व्याख्या करणारी, कायद्यापुढे समानतेचं वचन देणारी चौदावी घटनादुरुस्ती ८ जून १८६६ ला सेनेटमध्ये ३३ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झाली. गाळलेल्या अकरा राज्यांचे २२ सिनेटर त्या दिवशी बाकांवर असते आणि त्यांनी अपेक्षेप्रमाणे विरोधात मतं दिली असती, तर झाले असते ३३ विरुद्ध ३३. दोन-तृतीयांश राहू द्या, साधं बहुमतसुद्धा नाही. अमेरिकेतल्या नागरी हक्कांचे जवळपास सगळे मोठे खटले पुढे ज्या दुरुस्तीवर उभे राहिले, ती एका सचिवानं काही नावं न वाचल्यामुळे जन्माला आली.

रिपब्लिकनांना (तेव्हाचे हे रिपब्लिकन आणि आजचे, यांत नावापलीकडे फारसं नातं शोधू नये) मी संत ठरवत नाही. त्याच १८६५च्या शरदात कनेक्टिकट, विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा या उत्तरेतल्या राज्यांत काळ्यांना मताधिकार द्यायचा का असं जनमत घेतलं, आणि तिन्ही ठिकाणी गोऱ्या मतदारांनी नाही म्हटलं. चौदाव्या दुरुस्तीत म्हणूनच मताधिकार सरळ दिलेला नाही. आडवाटेनं दुसरं कलम घातलं: एखाद्या राज्यानं एकवीस वर्षांवरच्या पुरुष नागरिकांपैकी काहींना मत नाकारलं, तर त्या प्रमाणात त्या राज्याच्या जागा कापायच्या. ‘पुरुष’ हा शब्द राज्यघटनेत प्रथम आला तो इथेच, आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या एलिझाबेथ केडी स्टँटन, सुझन अँथनी यांनी त्यावर रान उठवलं ते बरोबरच होतं.

हा एक शब्द सोडला तर मला हे कलम आजही विलक्षण हुशार वाटतं. ते कोणाला उपदेश करत नाही. मत द्या किंवा देऊ नका, म्हणतं, तुमची मर्जी. पण ज्याला मत नाही त्याच्या नावावर जागा उचलायची नाही. पटावर आहे तर यादीतही पाहिजे. १८७०च्या जनगणनेच्या कागदावर यासाठी चक्क एक रकाना होता: बंड किंवा गुन्हा सोडून इतर कारणानं ज्यांना मत नाकारलंय असे पुरुष नागरिक. घरोघर जाऊन गणनेदारांनी तो भरायचा होता. भरलेले आकडे कोणी विश्वासार्ह मानले नाहीत, त्यांच्या आधारे एकही जागा कापली गेली नाही. ती पुढेही कधी गेली नाही.

मधली काही वर्षं मात्र खरी होती, आणि तीही विसरली जातात. २५ फेब्रुवारी १८७० ला मिसिसिपीचा हायरम रेव्हल्स सेनेटमध्ये शपथ घेऊन बसला, पहिला काळा सिनेटर. ४८ विरुद्ध ८ मतांनी त्याला जागा मिळाली. डिसेंबर १८७३ मध्ये ४३वी काँग्रेस भरली तेव्हा प्रतिनिधिगृहात सात काळे सभासद होते, त्यांतले चार एकट्या साउथ कॅरोलायनाचे. त्याच सभागृहात जॉर्जियाचा अलेक्झांडर स्टीव्हन्स होता. हा बंडखोर सरकारचा उपराष्ट्राध्यक्ष. गोऱ्यांचं श्रेष्ठत्व आणि गुलामगिरी हीच आमच्या नव्या सरकारची कोनशिला, असं त्यानं १८६१ मध्ये सवाना शहरात भाषण ठोकून सांगितलं होतं. आता जानेवारी १८७४ मध्ये तो नागरी हक्क विधेयकाविरुद्ध घटनात्मक मुद्दे मांडत होता. दुसऱ्या दिवशी, ६ जानेवारीला, त्याला उत्तर द्यायला उठला रॉबर्ट ब्राउन एलियट, साउथ कॅरोलायनाचा काळा प्रतिनिधी, आणि त्यानं कोनशिलेच्या त्या भाषणाची आठवण करून देत स्टीव्हन्सचे मुद्दे एकेक करून खोडले. कुठलंही पक्षवार कोष्टक हे दाखवणार नाही. त्यात एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन, एवढंच दिसतं.

त्याच १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापलं आणि ते अमेरिकेतल्या, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत तोच कित्ता गिरवावा, ही त्यातली आशा. ही अर्पणपत्रिका आपल्याकडे बऱ्याचदा सांगतात, पण फुले ज्या घडीला तिकडे पाहत होते ती घडी कोणती होती हे सहसा कोणी सांगत नाही. सात सभासदांची ती घडी होती. फुले गेले २८ नोव्हेंबर १८९० ला. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला मिसिसिपीनं नवी राज्यघटना स्वीकारली: मतदानासाठी दोन डॉलर डोईपट्टी, वर घटनेचं कलम वाचून किंवा समजावून दाखवायची परीक्षा. परीक्षक गोरे. काळा हा शब्द कुठेही नाही, आणि गरजही नव्हती.

वॉशिंग्टन तेव्हा काय करत होतं? १८९० सालीच रिपब्लिकनांनी शेवटचा खरा प्रयत्न केला. हेन्री कॅबट लॉज यानं आणलेलं विधेयक, दक्षिणेतल्या केंद्रीय निवडणुकांवर केंद्राची देखरेख ठेवणारं, जुलैमध्ये प्रतिनिधिगृहात १५५ विरुद्ध १४९ मतांनी निघालं. तिथला सभापती टॉमस रीड हा खमक्या गृहस्थ. डेमोक्रॅट सभासद बाकांवर बसून गणपूर्ती अडवायचे: हजर असायचं, पण नाव पुकारलं की गप्प राहायचं. २९ जानेवारी १८९० ला रीडनं त्यांची नावं घेऊन हजर म्हणून मोजायला सुरुवात केली. केंटकीचा मॅकक्रियरी खवळून उठला, मला हजर मोजण्याचा तुम्हाला अधिकार नाही. रीड म्हणाला, हे सद्गृहस्थ हजर आहेत एवढी वस्तुस्थिती सभापती सांगतोय. ते हे नाकारतात का? हसू येतं, पण त्या दृश्यात सगळं शतक आहे. मोजायचं कोणाला, हेच भांडण.

सेनेटमध्ये मात्र रीड नव्हता. तिथे लॉजचं विधेयक जानेवारी १८९१ मध्ये अवघ्या एका मताच्या फरकानं बाजूला सारलं गेलं, आणि ते सारणाऱ्यांत पश्चिमेकडचे चांदीवाले रिपब्लिकन सिनेटर होते. पुढाकार नेवाडाच्या विल्यम स्टुअर्टचा. त्यांना चांदीच्या नाण्यांचा कायदा हवा होता, काळ्यांच्या मतांचं त्यांना काय! १८९०च्या जनगणनेत नेवाडाची लोकसंख्या ४७,३५५. सिनेटर दोन. मिसिसिपीतले काळे लोक ७ लाख ४२ हजार, आणि त्यांच्या वतीनं बोलणारा सिनेटर शून्य. हा केवळ स्वार्थ नव्हता, पक्षाच्या हिशोबातच बदल झाला होता. नोव्हेंबर १८८९ ते जुलै १८९० या नऊ महिन्यांत दोन्ही डकोटा, मॉन्टाना, वॉशिंग्टन, आयडाहो, वायोमिंग अशी सहा राज्यं संघात घेतली गेली, म्हणजे बारा नव्या सिनेट-जागा, आणि बहुतेक रिपब्लिकनांच्या झोळीत. दक्षिणेतला काळा मतदार हा पक्षाला लागत होता तोवर तत्त्व होता. माणसं कमी आणि जागा जास्त अशी नवी सोय पश्चिमेला सापडल्यावर तो ओझं झाला.

इथे कोणी म्हणेल, पण दुसरं कलम होतं ना? होतं. आणि ते वापरायला काळ्यांना मुद्दाम वगळलं असं सिद्ध करायचीही गरज नव्हती. बंड किंवा गुन्हा सोडून कोणत्याही कारणानं मत नाकारलं तरी जागा कापा, असं ते म्हणतं. वाचनपरीक्षा लावलीत? कापा. डोईपट्टी लावलीत? कापा. अडचण नेमकी तीच होती. मॅसॅच्युसेट्समध्ये वाचनाची अट १८५०च्या दशकापासून होती, कनेक्टिकटमध्येही होती, आणि तिचा रोख स्थलांतरित आयरिश लोकांवर होता. कलम सरळ लावलं असतं तर कात्री उत्तरेलाही लागली असती. तेव्हा दोन्ही बाजूंनी न बोलता समझोता झाला: तुमच्या पटाकडे आम्ही बघत नाही, आमच्या पटाकडे तुम्ही बघू नका. हा समझोता मला १८६५च्या दंडेलीपेक्षा जास्त लाजिरवाणा वाटतो, कारण त्याला ना वाद लागला, ना मतदान, ना हजेरीत कोणाला गप्प बसवावं लागलं.

लुइझियानाचा हिशोब तेवढा सांगतो. १८९६ साली तिथल्या मतदारयादीत १,३०,३३४ काळे मतदार होते. १८९८ मध्ये राज्यानं नवी घटना केली. १ जानेवारी १८६७ च्या आधी ज्याला किंवा ज्याच्या बापआजाला मताधिकार होता त्याला परीक्षा माफ, बाकीच्यांनी परीक्षा द्यायची. १९०० साली यादीत उरले ५,३२०.

पुढच्याच वर्षी, नव्या जनगणनेनुसार जागा वाटताना, इंडियानाचा रिपब्लिकन एडगर क्रंपॅकर यानं दुसरं कलम लावून दक्षिणेतल्या अशा राज्यांच्या जागा कमी करा असा आग्रह धरला. त्याच्या स्वतःच्या पक्षाचं बहुमत असलेल्या सभागृहानं तो फेटाळला. रीडच्या त्या प्रसंगाला बरोबर अकरा वर्षं झाली त्या दिवशी, २९ जानेवारी १९०१ ला, नॉर्थ कॅरोलायनाचा जॉर्ज हेन्री व्हाइट बोलायला उठला. चर्चा शेतीखात्याच्या खर्चाची होती. १८७० पासून दोन्ही सभागृहांत मिळून बावीस काळे सभासद येऊन गेले होते, त्यांतला हा शेवटचा उरलेला. काँग्रेसला निग्रो माणसाचा हा कदाचित तात्पुरता निरोप आहे, राखेतून तो पुन्हा उठेल, असं तो म्हणाला. पुढचा काळा सभासद आला १९२९ मध्ये, शिकागोहून. दक्षिणेतून यायला १९७३ उजाडलं.

जागांचं नवं वाटप १९०३ मध्ये भरलेल्या सभागृहापासून लागू झालं. लुइझियानाच्या जागा होत्या सहा, झाल्या सात. लोकसंख्या वाढली होती ना, काळ्यांची धरून. सचिवानं हजेरी घेतली आणि लुइझियानाची सातही नावं वाचली.